संदर्भ मागणारे किशनभाई

किशनभाई गेले हे मला कुणी कळवलं नाही. ते मला एका वाक्यावरून कळलं. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं अशी सोय असते. तिथे आमच्या वस्तीच्या पानावर मी एक वाक्य टाकलं होतं. असं वाक्य मी अधूनमधून टाकायचेच, आणि संध्याकाळी चहा घेऊन संगणकासमोर बसावं तर ते उडवलेलं असायचं. शेजारी किशनभाईंचा शेरा : ‘संदर्भ?’ बस्स, एवढंच. या वेळी वाक्य संध्याकाळी होतं. दुसऱ्या दिवशीही होतं. आठवडा उलटला तरी ते जागचं हललं नाही, तेव्हा खरं तर मला आनंद व्हायला हवा होता… त्याऐवजी मी ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले. उल्हासनगरला त्यांच्या दुकानात फोन लावला. त्यांचा मुलगा नरेश म्हणाला, की पप्पा गेले, झोपेतच गेले, आणि तुम्हाला कळवायचं होतं पण मोबाइलमध्ये तुमचं नावच सापडेना. नाव सापडणार कसं? माझा नंबर त्यांनी ‘बिनसंदर्भ मॅडम’ या नावानं ठेवला होता, ते माझा फोन वाजल्यावर नरेशला दिसलं. हे ऐकून त्याही क्षणी मला त्यांचा राग आला.

किशनचंद लालवानी यांचं उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये चेन-बटणांचं दुकान. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांना लागणाऱ्या चेनी, चेनीवर सरकणारे रनर, पितळी बटणं. गल्ल्याशेजारी एक जुनाट संगणक, त्याच्या कीबोर्डावर मराठी अक्षरं चिकटवलेली. गिऱ्हाईक माल तपासत असेल तोवर हे गृहस्थ ज्ञानकोशात कुणाचं तरी लेखन तपासायचे. बोलताना हिंदी, सिंधी, मराठी सगळं एका वाक्यात. लिहायला बसले की मात्र थेट शाळेच्या निबंधातली मराठी. आमची ओळखच भांडणातून झाली. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेब विभागात, राहायला बदलापूरला. हौसेनं बदलापूरच्या पानावर पाच-सहा परिच्छेद लिहिले; त्यातही मधेच वीज गेली म्हणून सगळं पुन्हा लिहिलेलं. दुपारपर्यंत या सदस्यानं त्यातल्या जेमतेम चार ओळी शिल्लक ठेवल्या. मी चर्चेच्या पानावर तावातावानं विचारलं, की मी इथे जन्मले, तुम्ही कोण मला सांगणार? उत्तर आलं, ‘आपण येथे जन्मलात याचा आनंद आहे. संदर्भ द्यावा.’

मला वाटलं, असेल कुणी निवृत्त प्राध्यापक, कपाळाला आठ्या घातलेला. पुढे अंबरनाथला एका सदस्याच्या घरी आम्हा लिहिणाऱ्यांची बैठक झाली तेव्हा स्कूटरवरून एक गोलमटोल माणूस उतरला. हातात सिंधी दाल-पकवानचा मोठा डबा. सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे माझ्या चुका सांगायला सुरुवात केली. पोटभर खाऊ घालून भांडणाऱ्या माणसापुढे आपलं काही चालत नाही, तोंड भरलेलं असतं. त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील फाळणीत सिंधमधून आले. गावाच्या, तिथल्या नदीच्या, शेजाऱ्यांच्या गोष्टी ते मरेपर्यंत सांगत राहिले. किशनभाईंनी त्या गावाचं पान लिहिलं, सजवलं आणि महिन्याभरानं स्वतःच्याच हातानं काढून टाकलं. का, तर कुठे छापलेलं काही मिळालं नाही. “बाप संदर्भ होतो का?” म्हणून ते हसले. बाकी कुणी हसलं नाही. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी दुकान बंद. मग हे स्कूटर काढून बदलापूरच्या पलीकडे बारवी धरणापर्यंतची गावं पालथी घालायचे, फोटो काढायचे, पानं लिहायचे. तसंच त्यांनी खरवईच्या पुढच्या आमच्या वस्तीचंही पान लिहिलं होतं, अगदी सुरुवातीच्या काळात. त्यात आमच्या विहिरीबद्दल लिहिलं होतं, की ‘सुमधुर जलाने परिपूर्ण’ अशी ही विहीर गावच्या पाटलांनी बांधून दिली. खाली एका स्थानिक साप्ताहिकाचा संदर्भ. ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. ती विहीर आमच्या बौद्धवाड्याची आहे. धर्मांतराच्या आधीची गोष्ट. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना पाणी भरू देत नव्हते, म्हणून माझे आजोबा भागोजी गायकवाड आणि वाड्यातली बायामाणसं पहार-घण घेऊन दोन उन्हाळे खपली. माझे वडील अण्णा तेव्हा लहान होते. त्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्यात. मी वाक्य बदललं. किशनभाईंनी उलटवलं, म्हणजे जुनंच परत आणलं. मी पुन्हा बदललं, त्यांनी पुन्हा उलटवलं. शेवटी मी फोन करून म्हटलं, घरी या आणि संदर्भ डोळ्यांनी बघा.

आले. अण्णांनी त्यांना विहिरीवर नेलं. घणाच्या खुणा दाखवल्या, कोण कुठे उभं राहायचं ते दाखवलं. “पाटलानं कुटं काय दिलं? पानी लागलं तवा बगायलापन नाय आला,” अण्णा म्हणाले. “आमच्या बापाच्या हाताची सालटी गेलीत इथं.” किशनभाईंनी कठड्यावरून हात फिरवला. पाणी मागून प्यायले. निघताना अण्णांच्या पाया पडले, आणि मला वाटलं, झालं, जिंकलो. सकाळी पान उघडलं तर पाटील जागच्या जागी. मी ऑफिसमधूनच फोन लावला. त्यांचा आवाज पडलेला होता. म्हणाले, “मॅडम, अण्णा सच बोलतात. शंभर टक्का. मी रात को सोया नाही. पण अण्णा छापलेले नाहीत.”

अशा माणसाचं काय करावं? मी ते साप्ताहिकच शोधून काढलं. वाचनालयाच्या गठ्ठ्यातून तो अंक मिळाला, वाचला आणि पहिल्यांदा मला हसू फुटलं. ‘सुमधुर जलाने परिपूर्ण’. आता असं मराठी या पृथ्वीतलावर एकच माणूस लिहितो आणि तो कॅम्प दोनमध्ये चेनी विकतो. साप्ताहिकानं त्यांचंच पान शब्दशः उचललं होतं. पान लिहिलं तेव्हा किशनभाईंना संदर्भ-बिंदर्भ माहीत नव्हते. गावातल्या चहाच्या टपरीवर कुणीतरी जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं. पुढे नियमांचं वेड लागल्यावर स्वतःच्या जुन्या पानांना संदर्भ शोधायला बसले, हा लेख सापडला आणि मोठ्या समाधानानं खाली जोडून टाकला. थोडक्यात, त्यांच्या चुकीला त्यांचीच चूक साक्षीदार. मी अंक घेऊन दुकानात गेले. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, चष्मा पुसला. समोरचं गिऱ्हाईक पितळी रनर मागत होतं, त्याला त्यांनी स्टीलचे मोजून दिले.

मग आमची खरी फरफट सुरू झाली. किशनभाईंनी ते वाक्य काढलं. परदेशात बसलेल्या कुण्या सदस्यानं ते परत आणलं आणि बजावलं, की संदर्भ असलेला मजकूर काढू नये. हा नियम त्या सदस्याला किशनभाईंनीच शिकवलेला. ते साप्ताहिकाच्या संपादकांकडे गेले, म्हणाले, चूक दुरुस्त करा. संपादक म्हणाले, चूक कशी, ज्ञानकोशात आहे ना तसंच? किशनभाईंनी सांगितलं, ते मीच लिहिलंय. संपादकांनी त्यांच्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि चहा मागवला. एवढ्यात आमच्या विहिरीच्या बाजूला नवीन सोसायटी उभी राहिली. त्यांनी हौसेनं विहिरीभोवती बाग केली आणि ज्ञानकोशातून उतरवून छान फलक लावला : पाटलांनी बांधून दिलेली विहीर. अण्णा रोज सकाळी फिरायला त्याच रस्त्यानं जातात. आधी ते थांबून फलक वाचायचे. मग वाचेनासे झाले. एकदा मला म्हणाले, “मी मेल्यावर कोन सांगंल गं, की हे खोटं हाय?” सोसायटीच्या सेक्रेटरींना मी भेटले. भला माणूस. म्हणाले, फलक उद्या बदलतो, फक्त कुठे छापलेलं असेल तर दाखवा.

मी कपाळाला हात लावला. किशनभाईंना सांगितलं तर म्हणाले, “तो बरोबर बोलला, मॅडम. तुम्ही लिहा. छापून आणा. मी लगेच लावतो.” मी लिहिलंही. एका पेपरला पाठवलं. एका विहिरीत वाचकांना कितपत रस असणार, असं विचारून त्यांनी साभार परत केलं. किशनभाई दर फोनला विचारायचे, दुसरीकडे पाठवलं का. मी चिडून म्हणायचे, तुम्ही आधी ते वाक्य बदला. आणि मी पुन्हा जाऊन खरं वाक्य टाकायचे, किशनभाई ते पुन्हा काढायचे, पण शेवटी शेवटी शेऱ्यात ‘संदर्भ?’च्या पुढे ‘क्षमस्व’ असं लिहायचे. ते ‘क्षमस्व’ वाचून तर अंगाचा तिळपापड व्हायचा.

परवा दुकानात जाऊन आले. नरेशनं संगणक जागचा हलवलेला नाही. कीबोर्डावरची अक्षरं झिजलीत, त्यातलं ‘स’ पार गेलंय. तो म्हणाला, “पप्पा गिऱ्हाइकाला पण सोडत नव्हते. कोण बोललं, दादरला चेन सस्ती मिळते, की बोलायचे, बिल दाखव.” मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. मला या माणसाचा वर्षानुवर्षं राग आला, आणि आता पान उघडलं की कुणीच काही काढत नाही, याची भीती वाटते. घरी येऊन मी पान उघडलं. विहीर भागोजी गायकवाड आणि बौद्धवाड्यातल्या लोकांनी खणली, हे माझं वाक्य तसंच होतं. कुणाचंच लक्ष नव्हतं. राहिलं असतं तर कायमचं राहिलं असतं. मी ते माझ्या हातानं काढलं. शेऱ्यात लिहिलं : ‘संदर्भ?’

अण्णा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, “अगं, आता कशाला काढलंस? ते तर गेले.” म्हटलं, थांबा थोडं. हा लेख ज्या पुरवणीत छापला जातोय, तिच्या संपादकांना विहिरीत रस नव्हता, पण ज्ञानकोश लिहिणाऱ्या सिंधी दुकानदारावर त्यांना लेख हवा होता. तो मी लिहिला, आणि विहीर त्यात घातली. लेख अण्णांच्या मुलीनं लिहिलाय, हा तटस्थ संदर्भ नव्हे, अशी हरकत मला इथे बसून ऐकू येतेय… येऊ दे. पेपर हातात पडला की वाक्य परत लावणार आहे, खाली पुरवणीचं नाव आणि पान क्रमांक घालून. मग कात्रण घेऊन सेक्रेटरींकडे जाईन, अण्णांना बरोबर घेऊन.

किशनभाई, अण्णा आता छापलेले आहेत.