चांदणीपाशी थांबलेलं जू

जर्मनच्या तासाला आज शिकवताना 'योख' शब्द आला. अर्थ जू. कोशात त्याचं प्राचीन रूप 'युक' दिलंय, शेजारी चांदणीची खूण (*). म्हणजे ते लिहिलेलं कुठंच सापडलं नाही, वंशज शब्दांवरून जुळवलंय. आपलं जूही त्याच गोतातलं.

वाचताना बैलांच्या घामाचा वास आला. सिरसाळ्यातून ऊसतोडीला निघायची सकाळ. गाडीत चढायच्या घाईत मी खाली ठेवलेलं जू ओलांडलं.

"जू ओलांडतेत का गं? पाया पड!" अण्णा, माझे वडील, ओरडले.

मी वाकले. बैलांच्या मानांनी घासून लाकूड गुळगुळीत झालं होतं. वर पाहिलं, तर अण्णा माझं दप्तर गाडीतून खाली काढत होते.

"आमच्या मानंवर हाय तेवढं बास. तू मावशीकडं ऱ्हा, साळा शिक."

तेव्हा ती शिक्षाच वाटली, लई रडले. आज वर्गात चांदणीवर बोट ठेवून मी मुलांना सांगितलं, हा शब्द कुणीच पाहिलेला नाही. मी मात्र त्याच्या पाया पडलेय, अण्णांमुळं.