मावशींची मरणांची वही

आमच्या ऑफिसात मावशी दिवसातून चाळीसएक वेळा मरायच्या, आणि पगार त्यांना त्याचाच होता. आम्ही कॉम्प्युटरवरचा एक साधा खेळ बनवत होतो. छोटा डायनोसॉर पळत सुटतो. ओंडका आला की उडी मारायची, उडता सरडा आला की खाली वाकायचं. लोकांच्या हाती देण्याआधी तो खेळून खेळून चुका काढायचं काम मावशींचं. आधी वीस वर्षं त्यांनी गिरणीत कापडातले दोष शोधले होते. डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त उजव्यावर. पण त्या एका डोळ्याने माझ्या नाकी नऊ आणले होते.

प्रत्येक मरण त्या वहीत लिहायच्या. वेळ, कशाने मेला, चूक कुणाची, खेळाची की आपली. शेवटचा रकाना माझा. दुरुस्ती झाली की मी तिथे सही करायची.

सोमवारी त्यांनी लिहिलं, "अकरा दहा. उडता सरडा. आधी दिसतच नाही, एकदम अंगावर येतो. चूक खेळाची."

त्या सरड्याच्या पंखांवर मी महिनाभर राबलो होतो. माझं डोकंच फिरलं. काहीही न तपासता मी 'दुरुस्त केलं' असं लिहून सही ठोकली. मंगळवारी पुन्हा तेच गाऱ्हाणं, पुन्हा माझी सही. बुधवारी त्यांना ओंडकेही दिसेनात, तेव्हा मी तणतणत त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि खेळ मधेच थांबवला. सरडा स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात लटकत होता.

"हा काय, चांगला ढळढळीत आहे की, मावशी!"

"कुठे?"

"चेष्टा करताय का माझी?"

"नाही रे. खरंच, कुठे आहे?"

त्यांची नजर नेहमीसारखी डावीकडच्या डायनोसॉरवर होती. मी त्यांच्या उजव्या कानापासून बोटं हलवत हात पुढे आणत गेलो. बोटं जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा कुठे त्या दचकल्या.

"आमचे बाबा म्हणायचे, बल्ब मंद झालाय," मावशी हळूच म्हणाल्या. "आम्ही तीन बल्ब बदलले. दोष बल्बचा नव्हता."

मी टॅक्सी बोलावली, तर म्हणे उद्या जाऊ. "घाबरलेय रे मी. आज एवढं तरी दिसतंय." त्यांना अक्षरशः ओढत नेलं. रस्त्यात गतिरोधक आला की त्या डोळ्यावर तळहात धरायच्या आणि मी ड्रायव्हरवर खेकसायचो. राग ड्रायव्हरचा नव्हता, हे मला कळत होतं.

डॉक्टर बाईंनी बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेने सुटत आला होता. "मधला भाग अजून जागेवर आहे. ऑपरेशन आजच करावं लागेल. कधीपासून दिसत नाहीये?"

मावशींनी पिशवीतून वही काढली. "सोमवार, अकरा दहा."

डॉक्टर पानं उलटत गेल्या. त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. "हे 'दुरुस्त केलं' कुणी लिहिलंय?"

"ते खेळाचं आहे हो," मावशी घाईघाईने म्हणाल्या. त्याही अवस्थेत मला पाठीशी घालत होत्या.

"मी लिहिलंय," मी म्हणालो. "न बघता."

डॉक्टरांनी वही मिटून मावशींच्या हातात दिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मावशींची लेक परगावी. ती निघाली होती, पण पोचायला संध्याकाळ होणार होती. नर्सने संमतीचा कागद माझ्यापुढे ठेवला. "सोबतच्यांनी सही करा." मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. 'दृष्टी परत येईलच याची खात्री देता येत नाही' ही ओळ तीनदा वाचली. पेन टेकवला, पुन्हा उचलला आणि कागद पहिल्यापासून वाचायला घेतला.

चाकाच्या खुर्चीवरून मावशींनी मान वळवली, पार माझ्या बाजूला, मी दिसेपर्यंत.

"अरे, झाली का सही?"

"बघून करतोय, मावशी."