बाईच्या फोनचं कुलूप

माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाई म्हणतो, आठ वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. पुढे हळूहळू बोलणंही सुटलं. तेव्हापासून आमच्या घरात हातांची भाषा आहे, आमचीच, कुठल्या शाळेत न शिकवलेली. पदर डोक्यावर ओढला की आई, कान पिळला की मी. आता बाईशिवाय ती भाषा नीट येणारी दोनच माणसं उरलीत. एक मी आणि दुसरी बाईची मुलगी.

ही माझी भाची लग्न होऊन पुण्याला गेली. पहिलं बाळंतपण बाईकडे, आसेगावला झालं. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ती परत गेली आणि मायलेकींचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. मी मंगरूळपीरला सरकारी कचेरीत कारकून. भाची मला फोन करायची, "मामा, मी बरी हाये, मायले सांगजा." रविवारी आसेगावला जाऊन मी ते बाईला खुणेनं सांगायचो. "अजून काय म्हणाली?" असं ती हातांनी विचारायची. माझ्याजवळ अजून काही नसायचं, आणि व्हिडिओ कॉल लावायला माझ्या फोनला आसेगावात रेंज नव्हती.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मुलाला मी हे सांगितलं, तेव्हा त्यानं आपला जुना स्मार्टफोन गावाकडे येणाऱ्या एकासोबत पाठवून दिला. आता समोरासमोर बघून बोलता येईल म्हणून मी खुशीत होतो. आसेगावात ज्या कंपनीची रेंज मिळते तिचं सिम आणून टाकलं. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, हे सिम चालणार नाही. बाई आळीपाळीनं फोनकडे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मंगरूळपीरच्या बस स्टँडजवळ एक दुकानदार आहेत, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, आता मोबाईल करतात. त्यांनी फोन उलटसुलट करून बघितला.

"फोन चांगला हाये भाऊ. पण याले कुलूप हाये, तिकडच्या कंपनीचं. दुसऱ्याचं सिम घेतच नाई."

"मंग तोडून टाका ना."

"सिमखाली ठेवाची चिप भेटते. दोन महिने चालन, मंग एक दिवस अचानक बंद. तवा तुमच्या बहिणीले काय सांगसान? ज्यायनं कुलूप लावलं त्यायलेच उघडाले लावा."

फोनचा पंधरा आकडी नंबर त्यांनी कागदावर लिहून दिला आणि तो मुलाला पाठवायला सांगितलं. मी पाठवला. त्याच रात्री मुलाचा फोन आला.

"बाबा, तो फोन मी कंपनीकडून नोयता घेतला. माह्या रूममेटकडून घेतला होता. अर्ज त्याच्याच खात्यातून करा लागते."

"मंग सांग त्याले."

"दोन वर्सं झाले, आमी बोलत नाई."

काय बिनसलं होतं ते मी विचारलं नाही. आग्रहही केला नाही. बाई दर रविवारी मला काय विचारते, तेवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "लावला बाबा त्याले. पयल्याच रिंगमंदी उचलला."

"काय म्हणला?"

"नंबर पाठव म्हणला. अन् इचारलं, लाडू पाठवत होती ते तुही आत्या कशी हाये."

आणखी दोन दिवसांनी कंपनीनं मंजुरी दिली. घरच्या वायफायवर फोन जोडला, सिम टाकलं, बंद करून चालू केला. कोपऱ्यात रेंजच्या रेघा उभ्या राहिल्या तेव्हा मी घरात एकटाच होतो, तरी मोठ्यानं ओरडलो.

रविवारी आसेगावच्या अंगणात, पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. हातात धरला तर बाईला बोलायला एकच हात उरला असता. भाची दिसली, बाळ कडेवर. तिनं मोकळ्या हातानं खूण केली, बरी आहे.

बाईनं ते मानलंच नाही. बाळाला खाली ठेव, दोन्ही हात दाखव, असं तिनं सांगितलं. भाचीनं बाळाला खाली ठेवलं. तिचे हात हलले, पण जडपणे, आणि मध्येच थांबले. मग ती रडायला लागली. झोप नाही, जेवण होत नाही, नवरा पहाटे कामावर जातो, दिवसभर घरात दुसरं कोणी नाही. सगळं तिनं हातांनीच सांगितलं. सहा महिने तिचं "बरी हाये" मी इमानदारीनं पोचवत होतो आणि आवाजावरून मला काहीच कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

बाई उठून आत गेली आणि लुगडी पिशवीत भरायला लागली. शेतात सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापणीला आलं होतं. भाऊजी, बाईचे यजमान, तिची पिशवी पाहून दारात आले. मग मला म्हणाले, "सोयाबीन मी पाह्यतो. जाऊ द्या तिले."

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून तिला पुण्याला पोचवून आलो. ती तिथं दीड महिना राहिली. त्यातले पहिले पंधरा दिवस तिचा फोन लागलाच नाही. मी घाबरून भाचीला विचारलं तेव्हा समजलं, बाई चार्जर आसेगावलाच विसरली होती आणि दुसरा आणायचं कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.