व्हिसाआधीचा फेटा

‘मान सरळ ठिव.’

माणूस समोर आला की नाना आधी त्याच्या डोक्याकडे बघायचे, चेहऱ्याकडे नंतर. मग हनुवटी धरून वर उचलायची आणि हे एवढंच बोलायचं. गावात कुणी पोलीस भरतीत निवडला जावो की कुणाच्या म्हशीला प्रदर्शनात नंबर मिळो, फेटा बांधायला नाना हजर. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला दुसऱ्याच्या आनंदाची इतकी घाई असते की ज्याचा आनंद आहे तो रडकुंडीला येतो.

आमचं गाव तलवाड्याजवळ. नाना आमच्या शेजारचे. थोडी शेती, काही शेळ्या आणि फेट्याच्या कापडांनी भरलेली एक पत्र्याची पेटी, एवढा त्यांचा पसारा. इंग्लंडमध्ये वर्षभराच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मला प्रवेश मिळाला तेव्हा मी ती बातमी फक्त आईला सांगितली. आईने ती फक्त नानींना सांगितली. संध्याकाळी नाना पेटी घेऊन दारात उभे.

मी त्यांना शांतपणे समजावलं. प्रवेश मिळालाय, शिष्यवृत्तीही मिळालीय, पण व्हिसा यायचाय. व्हिसा म्हणजे त्या देशात शिरायची परवानगी. ती नाही मिळाली तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. नानांनी मान डोलवत सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘मग आईतवारी ठिवू का सोमवारी?’

त्यात घरातही काही धड नव्हतं. मोठे काका त्याच आठवड्यात स्थळ घेऊन आले होते. आधी लग्न, मग मुलाकडचे हो म्हणाले तर शिक्षण, असा त्यांचा हिशेब. वडील गप्प बसले. वडिलांनी काकांना कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दिवसभर मी मोबाईलवर व्हिसाचा मेल शोधायची, आणि जेवताना वडिलांच्या तोंडाकडे बघायची.

सत्कार मारुतीच्या पारावर झाला. अध्यक्षस्थानी कोण, तर मोठे काका! नानांनीच त्यांना आग्रहाने आणलं, फेटा बांधला आणि माईक हातात दिला. माईक मिळाल्यावर काका सुटलेच. आमच्या घराण्यातली पहिली मुलगी परदेशात शिकायला चालली, याचं सगळं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी खुर्चीत बसून दात ओठ खात होते.

फाट्यावर माझा फ्लेक्स लागला. त्यावर मी लंडनला चालले होते. माझं विद्यापीठ लंडनपासून चांगलंच लांब. नावाआधी ‘डॉ.’ होतं. मी डॉक्टर नाही आणि या शिक्षणाने होणारही नाही, असं मी नानांना सांगितलं. ते म्हणाले की नावाआधी जागा मोकळी राहिली होती, बरी दिसत नव्हती.

पुढे खरा छळ सुरू झाला. आपल्याकडे सत्कार झालेल्या माणसाने निघून जायचं असतं. मी गावातच. किराणा दुकानात, गिरणीत, तलवाड्याच्या बाजारात एकच प्रश्न, ‘अजून हितंच?’ मी घराबाहेर पडणं सोडलं. तिकडे वर्ग सुरू व्हायचे दिवस जवळ आले, व्हिसाचा पत्ता नाही. आणि नानांचं चालूच. आज भजनी मंडळ, उद्या दूध डेअरी, परवा शाळा. नारायणगडावर दर्शनाला म्हणून नेलं, तर तिथेही त्यांच्या ओळखीचं कुणीतरी शाल घेऊन उभं. घरात शालींचा ढीग लागला आणि बॅगेत भरायला एक स्वेटर नव्हता.

शाळेच्या सत्काराच्या दिवशी माझा ताबा सुटला. नाना शेळ्यांना पाला टाकत होते. मी तिथेच जाऊन भांडले.

‘नाना, व्हिसा न्हाई आला तर मी तोंड कुटं दाखवू? तुमाला कावून येवढी घाई?’

ते पाला टाकत राहिले. मग म्हणाले, ‘घरात ठरलेलं घरात मोडतं, पोरी. म्हणून तुला गावोगाव फेटा बांधून फिरिवलं. व्हिसाचं आपल्या हातात न्हाई. पण आता तुजा चुलता कुणाकुणाला सांगंल, पोरगी जात न्हाई मनून?’

नाना शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

‘माज्या पोरीचं नर्सिंगला नाव लागलतं. मी मनलं, जायच्या दिवशी करू सत्कार. भावकीनं दिवाळीच्या आत लगीन लावलं तिचं. मी बी व्हतोच की त्यात.’

शाळेच्या सत्काराला मी मुकाट्याने गेले. तेव्हा कुठे लक्षात आलं की पारावरच्या सत्कारापासून काकांनी स्थळाचं नावही काढलं नव्हतं. पुढे व्हिसा आला. मी निघाले तेव्हा नानांनी फाट्यावर, त्या लंडनच्या फ्लेक्सखाली, पुन्हा फेटा बांधला. जीपवाला हॉर्न वाजवत होता. नानांना एक निरी मनासारखी बसेना, म्हणून त्यांनी सगळा फेटा सोडून परत बांधला.

त्या हिवाळ्यात नाना गेले. आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी खोलीत बसून खूप रडले. त्या माणसाने दिला तेवढा वैताग मला कुणी दिला नाही, आणि माझ्यासाठी तेवढं कुणी केलंही नाही.

वर्षाने परत आले तेव्हा गल्लीतल्या एका मुलीला पुण्याला प्रवेश मिळाला होता. वसतिगृहाचं अजून नक्की नव्हतं. तिचे वडील म्हणाले, सगळं पक्कं होऊ द्या, मग बघू. मी तशीच नानींकडे गेले आणि पेटी मागितली. नानींनी कशाला म्हणून विचारलं नाही.

आम्ही रविवार ठरवला. पारावर खुर्च्या मांडल्या, अध्यक्षस्थानी मुलीच्या वडिलांना बसवलं. मला फेटा बांधता येत नाही. नानांनी गावभर फेटे बांधले, शिकवलं मात्र कुणालाच नाही. फेटा सारखा मुलीच्या भुवयांवर घसरत होता आणि तिला हसू आवरत नव्हतं. मी तिची हनुवटी धरून वर उचलली.

‘मान सरळ ठिव,’ मी म्हणाले.

पलीकडे तिच्या वडिलांच्या हातात कुणीतरी माईक दिला होता. ते बोलायला उभे राहिले.