बसली आणि चालते

एक्सरे हातात आला की आमचे सर आधी खिडकीशी जायचे. भिंतीवर दिव्याची पेटी असूनही. फिल्म उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि एकच शब्द बोलायचा. ऑपरेशन त्यांचं असेल तर, "बसली." माझं असेल तर, "चालते."

आमच्या दोघांमधलं सगळं या दोन शब्दांत आलं. तुमच्याही शेजारच्या टेबलावर असा एखादा वरचढ माणूस बसत असेल, तर बाकीचं तुम्हाला फारसं समजावून सांगायला नको.

आम्ही दोघं पांढुर्ण्याच्या एकाच दवाखान्यात हाडांचे डॉक्टर. ते वयाने मोठे, मूळचे रामाकोन्याचे, घर मात्र नदीपलीकडे सावरगावात. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की आम्ही हाडाचा मोडका गोळा काढून तिथे धातूचा बसवतो. त्या गोळ्याला लांब दांडी असते. मांडीच्या हाडाच्या पोकळीत सिमेंट भरायचं आणि ते ओलं आहे तोवर दांडी आत रोवायची. ती बरोबर मधोमध हवी, चहूबाजूंनी सिमेंटचा सारखा थर. कलली तर एका बाजूचा थर पातळ होतो आणि पुढे कधीतरी ती ढिली व्हायची भीती असते. सरांची दांडी मेणबत्तीतल्या वातीसारखी उभी असायची. माझी जराशी कललेली. पेशंट चालायचे, फिरायचे, तक्रार कुणाचीच नव्हती. तक्रार माझी होती.

सरांनी काही लपवलं असतं तर बरं झालं असतं, निदान चिडायला कारण मिळालं असतं. पण त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं. "दार कोपऱ्यात काढा, डॉक्टर." म्हणजे हाडात पहिलं भोक पाडायचं ते अगदी मागच्या, बाहेरच्या कोपऱ्यात, नाहीतर दांडी तिरकी शिरते. हे पुस्तकातही आहे, मला पाठ होतं. मग सिमेंट. उरलेल्या सिमेंटची एक गोळी ते सिस्टरच्या हातात द्यायचे. आतलं सिमेंट घट्ट होतं तशी ही गोळीही होते. सिस्टरने ती मधूनमधून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकायची. आधी थप्प वाजते. टक् वाजेपर्यंत दांडीवरचा हात हलवायचा नाही. "मी धरून राहिलो, तुम्ही गोळी ऐका," एवढं म्हणून ते गप्प व्हायचे. नाकावर माशी बसली असती तरी तो हात हलला नसता.

मी सगळं तसंच करायचो. फक्त शेवटी, टक् व्हायच्या थोडं आधी, मला वाटायचं की जरा डावीकडे झाली. सुधारायला जायचो आणि बिघडवून बसायचो.

मला त्यांचा हेवा वाटायचा. पोटात दुखायचं म्हणतात ना, तसं. ऑपरेशन मी केलेलं असायचं आणि पेशंटचा मुलगा संत्र्यांची टोपली त्यांच्या टेबलावर ठेवून जायचा. सर त्यातली निम्मी माझ्याकडे पाठवायचे. ती संत्री मला कधी गोड लागली नाहीत. पोळ्यानंतर नदीच्या दोन काठांवरून दोन्ही गावं एकमेकांना दगड मारतात, त्या गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी मोडक्या हातापायांची रांग लागायची, त्यातले चालू शकणारे माझ्या दारावरून लंगडत त्यांच्याकडे जायचे. त्यांनी एकदा, एकदाच, माझ्या फिल्मकडे पाहून "बसली" म्हणावं, यापलीकडे मला त्या दवाखान्यात काही नको होतं. ते निवृत्त झाले तेव्हा मी हार घातला, भाषण केलं आणि मनात म्हटलं, सुटलो.

कसला सुटतो. एका सकाळी सर अंगणात घसरले आणि त्यांचाच खुबा मोडला. सगळ्यांनी सांगितलं, नागपूरला न्या. मीही तेच सांगितलं. सर स्ट्रेचरवरून बायकोला म्हणाले, "यायच्याच हातून करन. हे मले भेते. भेलेला मानूस घाई करत नाही."

कमरेखालचाच भाग बधिर केलेला, त्यामुळे हिरव्या कापडापलीकडे ते टक्क जागे होते.

"दार कोपऱ्यात काढलं का?"

"काढलं, सर."

"आखीन जरासं."

सिस्टर मास्कमध्ये हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी जरासं आणखी बाहेर सरकलो, कारण त्यांचं बरोबर होतं. सिमेंट भरलं, दांडी रोवली आणि ते एकदम गप्प झाले. गोळी थप्प वाजली. पुन्हा थप्प. मला वाटलं, डावीकडे झाली. बोटं शिवशिवली. पलीकडे तो माणूस श्वास रोखून पडलाय हे मला कापडातून कळत होतं. मी धरून राहिलो. टक्.

"सोडा आता," सर म्हणाले.

त्या एक्सरेसारखा एक्सरे माझ्या हातून ना आधी झाला, ना नंतर. वात मधोमध. गावात मात्र बोलबाला झाला की सरांनी स्वतःचं ऑपरेशन पडल्या पडल्या स्वतःच करून घेतलं.

ती फिल्म घेऊन मी सावरगावला गेलो. सर अंगणात खुर्चीवर बसून संत्रं सोलत होते. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हात पुढे केला नाही.

"नको, डॉक्टर. पाह्यलं तं बोला लागन."

"अवो, पाहा ना एकडाव," काकू म्हणाल्या. "मुद्दाम घेऊन आले ते."

सरांनी मान हलवली, उठले आणि काठी न घेता मला फाटकापर्यंत सोडायला आले. परत जाताना मी त्यांना पाठमोरे पाहिलं. लंगडणं नावाला नव्हतं. माझ्याच दांडीवर तो माणूस इतका ऐटीत चालत होता की माझा जळफळाट झाला. पुढे जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा ते पाकीट माझ्या बॅगेत होतं, आणि तितक्या वेळा ते फाटकापर्यंत आले.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले, झोपेतच. राख सावडायला मीही गेलो होतो. अस्थी वेचता वेचता त्यांच्या मुलाच्या हाताला काहीतरी जड लागलं. सिमेंट जळून गेलं होतं, भोवतीचं हाड उरलं नव्हतं. काळवंडलेली दांडी तेवढी होती. ती मधोमध होती की कलली होती, हे आता तिच्याकडे पाहून कुणालाही सांगता आलं नसतं. त्याने ती माझ्या हातात दिली.

"काका, हे तुम्ही नेता का? का अस्थीसंग सोडू?"

खरं सांगतो, मला ती हवी होती. टेबलावर ठेवली असती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली असती. मी बराच वेळ धरून राहिलो. मग म्हणालो, "सोड. त्यायचीच हाय."

जाम नदीत पाणी कमी होतं, तरी ती लगेच बुडाली. माझ्या हातची बसलेली अशी एकच होती. तीही ते घेऊन गेले.