दाक्षायणी ॲरे शिकली

सिद्रामप्पा कलशेट्टी गेला तो गिरणीच्या पगार-खात्यातच, दुपारी डबा उघडता उघडता. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. गिरणीनं माणुसकी दाखवली म्हणायचं, त्याच्या बायकोला, दाक्षायणीला, त्याच खात्यात घेतलं. मॅट्रिक होती, अक्षर चांगलं होतं. टेबल तेच, खुर्ची तीच. लोक म्हणाले, नशीब काढलं बाईनं! आता काय बोलावं अशा लोकांना? नवऱ्याच्या खुर्चीत बसायला लागणं हे नशीब असेल, तर असलं नशीब ज्याचं त्यानं आपापल्या घरी न्यावं.

 दाक्षायणी मात्र रडलीही नव्हती. सकाळी भाकऱ्या थापायची, सासूला, चंद्रव्वाला, चहा द्यायची, गिरणीत जायची, यायची. आमटीत मीठ पडलंय की नाही हे तिला कळायचं नाही. चंद्रव्वा मुकाट्यानं वरून मीठ घ्यायची. एका खोलीत दोघी राहायच्या, पण सिद्रामप्पाचं नाव कुणीच काढायचं नाही.

त्यात सत्त्याहत्तर साली मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. कॉम्प्युटर सोलापुरात कुठला? तो पुण्याला. पण पगाराचा हिशेब पुढंमागं तिकडं जाणार, तर खात्यातल्या माणसांनी प्रोग्रॅम लिहायला शिकावं, असा हुकूम निघाला. मकदूम सर नावाचे तरुण मास्तर संध्याकाळी शिकवायला येऊ लागले. शेवटी तोंडी परीक्षा. पास झाला तो खात्यात राहील, नापास झाला तो घरी. दाक्षायणीला घरी म्हणजे अक्कलकोटला, दिराच्या दारात. दीर आधीच बोलून चुकला होता, "या की, एक कोपरा देतो तुमाला." सासू आणि सून, दोघींना मिळून एक कोपरा! वा रे दीर!

एका आकड्याला एक नाव, इथवर दाक्षायणीचं ठीक चाललं. ॲरेपाशी, म्हणजे एकाच नावाखाली आकड्यांची रांग येते तिथं, गाडी अडली. सरांनी फळ्यावर चौकोनांची एक लांब रांग काढली आणि म्हणाले, "ही चाळ समजा. चाळीला नाव एकच, खोल्यांना नंबर. आता तीन नंबरच्या खोलीत आकडा भरा बघू, कलशेट्टीबाई."

दाक्षायणीनं तिसऱ्या चौकोनात तीन लिहिलं.

"अहो बाई, तीन हा खोलीचा नंबर झाला. आत राहणारा वेगळा. आत सत्तर असेल, नाहीतर नऊशे असेल."

तिनं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनच लिहिलं. सर बिचारे कपाळाला हात लावून बसले. शेवटी शेजारच्या टेबलावरचा जोतीराम कारकून वैतागला. "अवो वैनी, बदली कामगार बघा की! सात नंबरच्या मागावरचा गडी आला न्हाय तर आपण काय करतो? त्याच मागावर बदली हुबा करतो. मागाचा नंबर बदलतो व्हय?"

"न्हाय," दाक्षायणी म्हणाली. "माग सातच ऱ्हातो. माणूस बदलतो."

"मग झालं की! ह्योच तुमचा ॲरे."

तेव्हापासून तिची चूक झाली नाही. खोलीचा नंबर वेगळा, खोलीतला वेगळा, हे पक्कं बसलं. आनंद झाला का? छे. जीवच बधिर झालेला, आनंद कुठून व्हायचा.

मग सरांनी गणित घातलं. मागांची रांग आहे, पहिल्या मागावर नवीन माणूस यायचाय, म्हणून प्रत्येकाला एकेक माग पुढं सरकवा. आकडे आपल्या मनानं घ्या. दाक्षायणीनं प्रोग्रॅम लिहिला. पहिल्यातला दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, असं शेवटपर्यंत. कागद एसटीनं पुण्याला गेले, तिथं त्यांची कॉम्प्युटरला घालायची भोकांची कार्डं झाली, आणि आठवड्यानं छापील उत्तर परत आलं.

बघते तर काय, सगळ्या रांगेत एकच आकडा! ४१७, ४१७, ४१७. पहिल्या घरात तिनं कसलाही विचार न करता, हाताच्या सवयीनं घातलेला आकडा. सिद्रामप्पाच्या बिल्ल्याचा नंबर.

सरांना ते काय ठाऊक? ते समजावत राहिले, "पहिल्यातला दुसऱ्यात टाकलात, तिथंच दुसऱ्यातला जुना पुसला गेला. मग तिसऱ्यात जाणार कोण? तोच पहिला! आणि तोच पुढं सगळीकडं. मागून सुरू करा. शेवटचा आधी हलवा."

"व्हय सर," ती म्हणाली. कागदाची घडी घातली, पिशवीत टाकला आणि दुसरा प्रोग्रॅम मागून लिहून काढला. तो बिनचूक आला. डोळ्यांत टिपूससुद्धा नाही. जोतीरामनं बिल्ल्याचा नंबर ओळखला होता, तो घाबरलाच. रडली असती तर बरं वाटलं असतं, असं तो घरी जाऊन बायकोला म्हणाला.

परीक्षेला मॅनेजरसाहेब स्वतः बसले. दाक्षायणी समोर उभी राहिली. सरांनी विचारलं, "पाचव्या घरात एक आकडा आहे. तिथंच आपण नवा ठेवला. जुना कुठं गेला?"

"कुटं न्हाय गेला, सर. कुटं जायला बी तो ऱ्हात न्हाय. आता तितं नवा हाय, एवढंच."

"आणि तो परत हवा असेल तर?" साहेबांनी विचारलं.

 सरांना धाकधूक, की आता हिचं काही खरं नाही. दाक्षायणी म्हणाली, "आदीच दुसरीकडं काडून ठिवायला पायजे, सायेब. नवा आल्यावर मग न्हाय मिळत."

"शाब्बास!" साहेब म्हणाले. पास झाली. खात्यातली जागा पक्की झाली, अक्कलकोटचा कोपरा टळला. जोतीरामनं पेढे मागितले. ती बरं म्हणाली आणि सुटली ती तडक घराकडं. का, तर तिला एकाएकी भीती वाटली होती. वाटेत सिद्रामप्पाचा आवाज आठवून बघायला गेली, आणि कानात नुसता जोतीराम, सर आणि साहेब. इतक्या महिन्यांत त्याच्याबद्दल एक शब्द कुणाशी बोलली नव्हती ती, आणि आता आवाज सापडेना!

चंद्रव्वा दारातच जोंधळे निवडत होती. "काय झालं गं परीक्षेचं?"

"झाले पास." चपला न काढताच दाक्षायणी तिच्यापुढं उकिडवी बसली. "अत्ती, ते तुमाला हाक कशी मारायचे? तशीच मारून दावा की."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. सुनेच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं मान जराशी वाकडी केली, गळा जाड केला आणि मुलासारखी हाक मारली, "अव्वाऽ, ऊट हाकऽ!" हे त्यांच्या घरचं कानडी, म्हणजे, आई, जेवायला वाढ.

दाक्षायणीला हुंदका फुटला. "अजून एकदा, अत्ती," ती रडत रडत म्हणाली, आणि चंद्रव्वानं पुन्हा हाक मारली.