फायटिंग

कोरियातल्या शाळेत इंग्रजीच्या जादा तासाला आज मी पहिल्यांदाच एकटी होते. सोबतच्या कोरियन बाई दार लावून गेल्या आणि मी फळ्यावरची तारीख दोनदा खोडली. आमच्याकडच्या मोर्चांत दणाणणारा माझा आवाज 'हॅलो'च्या पुढे जाईना.

तेवढ्यात मागच्या बाकावरची मिंजी मूठ वळून ओरडली, "टीचर, फायटिंग!" सगळ्या वर्गाच्या मुठी वर गेल्या. मी फळ्याला टेकले.

"भांडण? माझ्याशी?"

"नाही हो टीचर! घाबरलेल्याला धीर द्यायला आम्ही असं म्हणतो."

आमच्या घरातल्या मोर्चाच्या पत्रकांवर लहानपणापासून मुठी पाहिल्या, त्या सगळ्या कुणाच्या तरी विरोधातल्या. घाबरलेल्या माणसासाठी वळलेली मूठ मात्र कुठल्याच पत्रकावर नव्हती.

इंग्रजीत हा शब्द असा वापरत नाहीत. तो सुधारणं हेच माझं काम. तरी मी तो तसाच फळ्यावर लिहिला.